अकरा वाजताचं स्टेटस

सायली गावातल्या त्या धाग्याच्या कंपनीत फोन आत नेता येत नसे. गेटवर भिंतीला लाकडी खण होते. खणात फोन ठेवायचा, नंबराचा बिल्ला खिशात टाकायचा, की सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत जगाशी संबंध संपला. सुकदेवचा खण एक्केचाळीस नंबरचा. अकरा वर्षं तोच.

दोन वर्षांपूर्वी याच खणात त्याचा फोन वाजून वाजून गप्प झाला होता. सणाला जास्तीची सुट्टी मिळावी म्हणून त्याने त्या दिवशी डबल ड्यूटी ओढली. सोळा तासांनी बाहेर आला तेव्हा गावाकडून, शिरपूरहून, तेवीस कॉल येऊन गेले होते आणि त्याची बायको चंदा गेलेली होती. "आईने तीनदा विचारलं, आबांचा फोन आला का," एवढंच त्याची मुलगी अश्विनी म्हणाली. पुढे तिने बोलणंच टाकलं. ती नाशिकला नर्स होती.

तेव्हापासून गडी स्टेटसवर जगत होता. किलवणी रोडच्या खोलीत एकटा माणूस, करणार काय? कळण्याची भाकरी थापली, टाक फोटो. दोरीवर शर्ट वाळतोय, टाक फोटो. बरोबरचे कामगार हसायचे, या वयात सुकदेवला काय चळ लागला म्हणायचे. पण त्याचा जीव अडकलेला असे तो खालच्या यादीत, कोणी कोणी पाहिलं त्यात. तिथे रोज अश्विनीचं नाव असे. बघायची, बोलायची मात्र नाही. तेवढ्यावरही त्याला घास गोड लागायचा.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी तीन वाजता त्याने फोन हातात घेतला, तर अश्विनीचा बदाम आलेला. लाल, एकच. सुकदेव गेटवरच रडला. डोळे पुसून झाल्यावर त्याने पाहिलं की बदाम आलाय कशावर. अकरा वाजून दहा मिनिटांनी त्याच्या स्टेटसवर एक फोटो पडला होता. त्याच्याच खोलीतला स्टोव्ह, आणि उतू चाललेला चहा.

"नथूभाई, माझा फोन कोणी काढलेला का?"

"काय बोलता सुकदेवभाई!" गुजराती पहारेकरी नथूने कमरेची चावी वाजवून दाखवली. "खणाला कुलूप. बिल्ला तुमच्याकडेच छे ने?"

बिल्ला खिशातच होता. घरी आला तर स्टोव्हवर चहाचा डाग सुकलेला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला खाटेचा फोटो पडला. मग चपलांचा. मग ताटावर वाकलेल्या माणसाचा, पाठमोरा. अश्विनी आता बदामावर थांबत नव्हती. हसरे चेहरे येत, रडके येत. सुकदेवने खोलीचं कुलूप बदललं. काही फरक पडला नाही.

सोमवारी दहा वाजता मशीनवर त्याचा अंगठा कापला आणि त्यावर पट्टी बांधली. अकराच्या फोटोत तो माणूस समोर तोंड करून बसला होता, भाकरी मोडत. तोंड सुकदेवचं होतं. अंगठ्यावर पट्टी होती.

एक दिवस तो भीतीने घरीच बसून राहिला. काहीच पडलं नाही. संध्याकाळी अश्विनीचा मेसेज आला. "आबा, आज दिसले नाहीत. बरे आहात ना?" दोन वर्षांतलं तिचं पहिलं वाक्य. तिला खरं सांगितलं तर हेही जाईल, असं त्याच्या मनात आलं. सकाळी तो मुकाट्याने ड्यूटीवर गेला.

त्या दुपारी फोनवर चाळीस मिनिटांच्या व्हिडिओ कॉलची नोंद होती. खाली तिचा मेसेज. "तुम्ही रडले, माफी मागितली. माझं मन मोकळं झालं. मी शनिवारी येई राहिले. सुट्टी घ्या."

सुकदेवला आनंद झाला, पण पुरता नाही. दोन वर्षं जे ओठांवर ठेवून तो जगला, ते दुसराच कोणी बोलून गेला होता. पण शनिवारी आपण स्वतः बोलू. त्याने सुट्टी मंजूर करून घेतली, वांगी आणली, भरिताची तयारी केली.

शुक्रवारी तीन वाजता खणातून फोन काढला, तर अश्विनीचं स्टेटस होतं. दोन ताटं, भरीत, आणि दोघांचे हसरे चेहरे. "न सांगता एक दिवस आधी आले, तर आबा घरीच!"

तो रिक्षाने निघाला. शेवटचं वळण धावत गेला.

दाराबाहेर तिच्या सँडल होत्या. शेजारी त्याच्या चपला. त्याने खाली पाहिलं. त्याच चपला त्याच्या पायातही होत्या.

दार आतून बंद होतं. त्याने कडी वाजवली.

"अशू, मी आहे गं. आबा."

आतलं हसू थांबलं.

"आबा," अश्विनी हळूच म्हणाली, "आवाज अगदी तुमच्यासारखा आहे."

"राहू दे," आतून त्याचाच आवाज आला. "रोज येतो तो या वेळेला. जेव तू."

पुन्हा ताटाचा आवाज सुरू झाला.

त्याच्या हातातला फोन थरथरला. त्याच्या नंबरावरून नवा फोटो पडला होता. बंद दार, आतल्या बाजूने. कडी नीट लावलेली. यादीत एकच नाव होतं, आणि त्यापुढे लाल बदाम.