चौथं कडवं

गिटारवाला तिच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात शिरला तो गिटारची खुंटी तुटली म्हणून. ती काउंटरवर मान खाली घालून एका जुन्या ॲकॉर्डियनचा भाता चिकटवत होती आणि आपल्याच नादात गुणगुणत होती.

"थांबलात का? पुढे म्हणा ना."

"पुढे तुमचं काम काय, ते सांगा."

गाणं तिच्या वडिलांचं होतं. दिवसभर वाद्यं दुरुस्त करायची आणि उरलेल्या वेळात गाणी लिहायची, असा माणूस. तीस वर्षांपूर्वी याच गावातून बाहेर पडलेला गिटारवाल्याचा बँड आता गावाची जुनी गाणी आपल्या आवाजात रेकॉर्ड करायला परतला होता. पण या गाण्याचं एकच कडवं गावाला आठवत होतं.

"वडिलांच्या वहीत आणखी आहेत," ती म्हणाली. "दर गुरुवारी एक देईन. एकदम दिली तर पचायची नाहीत."

वहीत आणखी एकच होतं. पहिल्याच गुरुवारी ते संपलं. मग चाळिशी उलटलेल्या या शहाण्या बाईने तिसरं स्वतः लिहिलं, वडिलांच्या नावावर खपवलं, आणि त्याचा चेहरा बघत बसली. त्याने ते दोनदा वाचलं.

"तुमचे वडील म्हणजे... कमाल होते."

"होतेच मुळी."

त्या दिवशी तो चहाला थांबला. गिऱ्हाइकाचं बाक डुगडुगत होतं. त्याने तारांच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून पायाखाली सरकवला.

"सगळ्या गावाचं दुरुस्त करता, आणि हे असंच?"

"घरचं राहूनच जातं—"

कप घेताना त्याची घट्टे पडलेली बोटं तिच्या बोटांना लागली. आठवडाभर तिचं कशात लक्ष लागेना. आणि चौथं कडवं तर जवळजवळ आपोआप उतरलं.

*बाकाखाली पुठ्ठा घालून कुणी गेलं*
*बाक शांत झालं, बसणारी नाही झाली*

गुरुवारी तिने कागद त्याच्या हाती दिला. त्याने वाचला, नीट घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "सोमवारी दुपारी रेकॉर्डिंग आहे. याल?"

ती नवी साडी नेसून गेली. काचेपलीकडे बँड वाजवत होता. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला म्हातारा गायकसुद्धा हळवा झाला. आता चौथं, म्हणून ती काचेजवळ सरकली... आणि गाणं संपलं.

बाहेर बोळात त्याने कागद परत दिला.

"तिसरंही तुमचंच, हे मला कळलं होतं," तो म्हणाला. "ते कुणाचंही असू शकलं असतं, म्हणून चाललं. यात मी आहे. हे गायलं, तर मला इथे राहावं लागेल."

"आणि?"

"आणि... शुक्रवारी आम्ही निघतोय."

तिला वाटलं, ओरडावं. "नाव वडिलांचंच राहू दे," एवढंच ती बोलली.

दुकानात येऊन तिने आधी तो पुठ्ठा उपटून फेकला.

रेकॉर्ड गाजली. लोक मुद्दाम दुकानात येऊन तिसऱ्या कडव्याचं कौतुक करू लागले. एकदा शेजारची शिंपीणबाई त्या डुगडुगत्या बाकावर बसून डोळे पुसत म्हणाली, "वडिलांनी कुणासाठी लिहिलं असेल गं हे?"

तिने भाता दाबून पाहिला. अजून कुठूनतरी हवा निसटत होती.

"असेल कुणीतरी," ती म्हणाली. "फारसं लायक नसणार."