पपईच्या चिकाचा खून

प्रेमिलाबाई डहाकेंनी चपला दाराशी काढल्या, पुढे केलेली खुर्ची नाकारली आणि टेबलावर काचेची बाटली आपटली.

"हिचा जीव कोणी घेतला, तेवढं सांगा. मंग मी पाणी पिईन."

देवरावांनी चष्मा पुसून बाटली न्याहाळली. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते आपल्या भाचीच्या, म्हणजे वैभवी काळमेघच्या धरमपेठेतल्या गुप्तहेर कचेरीत बसत. स्कूटर चालवायची, चहा मागवायचा आणि चुकीचा तर्क सर्वांच्या आधी करायचा, अशी त्यांची कामं.

"मेलेली दिसत तं नाही," ते म्हणाले.

"आतलं मेलं आहे, भाऊ."

प्रेमिलाबाई भिवापूरकडच्या. तिकडे सगळे मिरची लावतात, म्हणून यांनी पपई लावली. गावानं वेड्यात काढलं, म्हणून आणखी लावली. कच्च्या पपईच्या चिकात प्रथिनं पचवणारं एन्झाइम असतं, त्याचं त्या पाचक सिरप करून विकत. लेबलावर ठसठशीत छापलेलं होतं: 'जड जेवण पचायला मदत होते. मधुमेह, गुडघे, केस, कॅन्सर यांतलं काहीही बरं होत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.'

असं लेबल लावून माल खपतो कसा, हे खरं तर मोठं रहस्य. पण बाई त्यासाठी आल्या नव्हत्या.

ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या सभागृहात त्यांचं विक्रीचं टेबल होतं. मंडळाचे अध्यक्ष रुपराव भोयर भर सभेत म्हणाले, "हे नुसतं साखरेचं पाणी आहे." बाईंनी तिथल्या तिथे आव्हान दिलं. लाखेनं बंद केलेली बाटली रुपरावांनीच घरी ठेवायची, सकाळी सर्वांसमोर फोडायची आणि चमचाभर सिरप कोमट दुधात घालायचं. खरं असेल तर दूध फाटेल.

"सकाळी लाख शाबूत होती. सगळ्यांनी पाहिली. अन् दूध?"

"फाटलं नाही?" वैभवीनं विचारलं.

"रुपरावांनी सगळ्यांसमोर पिऊन टाकलं. वरून मिशी पुसली. आज संध्याकाळी माफी माग, नाही तं टेबल उचल, म्हणतात."

"मागणार?"

"मी? मले खोटंच बोलायचं असतं तं लेबलावर बोलली असती. माझं टेबल गेलं तं जाऊ द्या, पण 'मी फसवलं' हे माझ्या तोंडून निघणार नाही."

वैभवीनं बाटली उजेडात धरली. झाकणावर उरलेल्या लाखेत अंगठ्याचा ठसा होता, त्यात विळ्याच्या जुन्या जखमेची तिरपी रेघ. पण ठसा पसरट झाला होता आणि लाखेचा एक ओघळ खाली उतरला होता. लेबलाला सुरकुत्या पडल्या होत्या. कोपऱ्यात तांबूस तेलाचा डाग होता. काचेवर बाटलीच्या मध्यावर पांढुरकी रेघ होती.

"अंगठा तुमचाच?"

प्रेमिलाबाईंनी अंगठा पुढे केला. तीच तिरपी रेघ.

"म्हणजे बाटली बदललेली नाही. त्याच खोक्यातली दुसरी आहे?"

बाईंनी पिशवीतून दुसरी काढली. हिची लाख गोल नि ठसठशीत, सिरपही फिकट. वैभवीनं दोन पेल्यांत कोमट दूध घेऊन एकात हे सिरप घातलं, दुसऱ्यात ते. चहा पिऊन होईपर्यंत पिशवीतल्या बाटलीचं दूध फाटलं. रुपरावांकडून आलेल्या बाटलीचं शहाण्यासारखं बसून राहिलं.

"सुई टोचून आतलं काढलं असंल," देवराव म्हणाले.

"धातूच्या झाकणातून, मामा? वर लाख?"

देवराव दुसऱ्या तर्काच्या तयारीला लागले.

बाईंचा भाचा विक्की याचं ताकदीच्या पावडरींचं दुकान होतं. आत्याच्या बाटल्या गाडीतून तोच पोचवत असे.

"आत्याचं लेबल वाचून गिऱ्हाईक पळते, ताई," तो म्हणाला. "मी म्हटलं, कॅन्सर नको, फक्त गुडघे लिही. तर म्हणे, तुझ्या गुडघ्यावर लिहितो."

"ती बाटली रुपरावांना तूच दिलीस?"

"मीच. खोका दुपारभर गाडीत होता, मी जेवून राहिलो होतो. संध्याकाळी त्यातली वरची काढून दिली."

देवरावांनी वैभवीचा पदर ओढायचाच बाकी ठेवला. "मे महिना! बंद गाडी! भट्टीच ते! सापडला!"

"आपण फाडलेलं दूध कोणत्या खोक्यातल्या बाटलीनं फाटलं, मामा?"

"त्याच."

"ती बाटलीही त्याच गाडीत होती."

देवरावांनी स्कूटरची किल्ली काढली.

रुपरावांच्या घरी दारातच बादली, साबण आणि सून माया उभी होती. कोरोना नागपुरातून गेला त्याला वर्षं झाली, पण रुपरावांना कोणी कळवलेलं दिसत नव्हतं. देवरावांनी दोनदा हात धुतले. रुपरावांच्या पुढ्यातलं वर्तमानपत्र गरम आणि कडक होतं.

"इस्त्री केली आहे," रुपराव म्हणाले. "जंतू मरतात."

"बातम्या?" देवरावांनी विचारलं.

मायानं सासऱ्यांना पाणी दिलं. "बाबा, रक्त पातळ करायची गोळी." रुपरावांनी ती गिळली.

"बाटली मी कपाटात ठेवली, किल्ली माझ्या गळ्यात," ते म्हणाले. "फसवणूक माझ्या घरात झालेली नाही."

"घरात आल्याबरोबर कपाटात?" वैभवीनं मायाला विचारलं.

"बाहेरची वस्तू येते, तशी रीतसर आत घेतली, मंग बाबांनी ठेवली," माया म्हणाली. "मी तं दुसऱ्या दिवशीच्या पोह्यांवरच्या तर्रीच्या रश्शात गुंतली होती. मंडळाचा नाश्ता आमच्याकडूनच जाते ना."

दारातल्या कोपऱ्यात मोठा गंज, म्हणजे पातेलं, उपडा घातला होता. काठाला तर्रीचा तांबडा तवंग आणि आतून खाऱ्या पाण्याचा पांढरा थर. वैभवीनं तो बघितला. देवरावांनीही बघितला आणि त्यांना भूक लागली.

वाटेत स्कूटरवर देवराव मटणाच्या गोष्टीवर आले. "म्हातारं बोकड असलं की कच्ची पपई चोळून ठेवायची, लोण्यासारखं होते. एकदा मी चोळायची विसरलो अन् पपई अलग उकडून मंग टाकली. पपई शिजली, पण मटण चप्पलच राहिलं!"

"मामा, स्कूटर थांबवा."

"पंक्चर?"

"नाही. परत बोला, काय म्हणालात?"

"चप्पल."

"त्याच्या आधीचं!"

संध्याकाळी सभागृह भरलं. रुपराव माफीची वाट बघत पुढच्या रांगेत बसले. टेबलावर वैभवीनं कोमट दुधाचे दोन पेले आणि दोन बाटल्या मांडल्या, आणि एकेकात एकेकीतलं सिरप घातलं.

"प्रश्न एकच," ती म्हणाली. "लाख फोडली नाही, बाटली बदलली नाही, मग आतलं मेलं कसं? विक्कीच्या गाडीतल्या उन्हानं नाही. त्याच खोक्यातली दुसरी बाटली जिवंत आहे. म्हणजे जे झालं, ते गाडीतून उतरल्यावर, फक्त रुपरावांकडच्या त्या एका बाटलीला."

"आरोप करून राहिले का?" रुपराव उठले.

"बसा, काका. लाख ओघळली होती. लेबल चुरगळलं होतं. काचेवर पाण्याची पांढरी रेघ होती आणि तर्रीचं तेल. बाटली कुठेतरी खाऱ्या पाण्यात उभी राहून उकळली. आणि चिकाचं सामर्थ्य उकळलं की संपतं. पपई उकडून टाकली तेव्हा मटण चिवट राहिलं, हे मामांनी सांगितलं."

देवराव ताठ बसले. आपण काय सांगितलं, ते त्यांना आत्ता कळत होतं.

"मायाताई, बाहेरून आलेली काचेची वस्तू तुमच्याकडे आत कशी येते?"

मायानं सासऱ्यांकडे पाहिलं, मग सभेकडे.

"गंजात. अर्धा तास उकळून. बाबांचाच नियम आहे. ही पण त्यांनीच उकळायले लावली. त्यानं काही बिघडते, हे आमाले माहीत नव्हतं."

"ती... ती सुरक्षितता होती!" रुपराव म्हणाले.

"यातली एक बाटली मी आज अर्धा तास उकळली आहे," वैभवी म्हणाली. "लाख बघा, तशीच ओघळली. दूध बघा, तसंच राहिलं. आणि हे न उकळलेलं."

दुसऱ्या पेल्यात पाणी आणि गोळे वेगळे दिसत होते. मागून कोणीतरी म्हणालं, "आता मिशी पुसा, अध्यक्ष!"

रुपरावांनी खाकरून घेतलं. "मंडळाच्या वतीनं खेद..."

"मंडळानं नाही उकळली," प्रेमिलाबाई उठून म्हणाल्या. "तुम्ही उकळली. तुमच्या तोंडानं बोला, माझ्या नावानं."

रुपरावांनी एकदा सुनेकडे पाहिलं, तिनं मान हलवली नाही.

"प्रेमिलाबाई, चूक माझी. तुमचं सिरप खरं आहे."

टेबलाशी रांग लागली. विक्कीनं लगेच कान गाठला: "आत्या, गरम लोखंड आहे, आता तं 'गुडघे' लिही!" बाईंनी त्याला खोके उचलायला लावलं.

रांगेत सर्वांत शेवटी रुपराव उभे राहिले. "एक बाटली द्या. मलाही जेवण जड होतं."

प्रेमिलाबाईंनी बाटली त्यांच्या हाताला लागू दिली नाही.

"तुमी रक्त पातळ करायची गोळी घेता. लेबल वाचा."

"अहो, मी अध्यक्ष आहे!"

"रक्ताले थोडीच माहीत आहे? डॉक्टरची चिठ्ठी आणा, मंग देतो."

रुपराव मान घालून निघाले. दारापाशी पोचतात तोच बाईंनी हाक मारली.

"अन् ती चिठ्ठी उकळू नका, म्हटलं!"