मशालफुलांची तक्रार

"पाणी चोरता का हो तुम्ही?"

फाटकातून आत येताच त्याचा पहिला प्रश्न हा! ना नमस्कार, ना चमत्कार.

आमच्या मोखोत्लोंग गावावर पाऊस रुसून दुसरं वर्ष चाललं होतं. बागेला पाणी घालायला बंदी होती. सगळ्यांच्या बागा करपल्या, पण आमच्या अंगणात मशालफुलं नुसती पेटली होती... खाली पिवळी, वर लालभडक. कुणाच्या तरी डोळ्यांत ती खुपली आणि पाणी कार्यालयातून हे साहेब आले. नाव त्सेलिसो. खांद्यावर घोंगडी, हातात वही. माती ओली निघाली तर आमचा नळ तोडणार होता.

"बोट घालून बघा की," मी म्हटलं.

त्यानं खरंच मातीत बोट खुपसलं. माती कोरडी ठणठणीत.

"मग ही जगतात कशी?"

"डोंगरातली आहेत, साहेब. लाड केलेले सोसत नाहीत त्यांना."

"आणि तुम्हाला?"

 माझे कानच तापले.

मग तो दर आठवड्याला 'तपासणीला' येऊ लागला. मातीत बोट घालायचा, आईनं केलेलं आल्याचं सरबत प्यायचा, उगाच रेंगाळायचा. चौथ्या खेपेला मी एक गड्डा फोडून त्याला पत्र्याच्या डब्यात रोप दिलं. आणि त्यानंतर... तो आलाच नाही! एक आठवडा, दोन, तीन. तपासणी संपली, आता तो कशाला येईल? जेवण जाईना. मला तो हवा होता, बस्स.

शेवटी मी कार्यालयात फोन लावला. उचलला नेमका त्यानंच.

"तक्रार आहे," मी आवाज बदलून माझीच चुगली केली. "मोलिएहीच्या अंगणात रोज पाणी घालतात."

"तक्रार कोणाची?"

"शेजारणीची."

"बरं. शेजारणीला सांगा... उद्या येतो."

सकाळी आला तो वहीशिवाय. काखेत तोच डबा, आत काळा पडलेला, कुजका लगदा.

"मेलं," तो खाली बघत म्हणाला. "माझ्या पिण्याच्या पाण्यातलं रोज एक भांडं घालत होतो गं... कुठल्या तोंडानं येणार होतो तुझ्यासमोर?"

पाणी घातलं म्हणून गावभर नळ तोडत फिरणारा माणूस! मी हसले, इतकी हसले की कुंपण धरावं लागलं. आणि मग डोळेच भरून आले. स्वतः तहानलेला राहून त्यानं माझं रोप बुडवलं होतं.

"दुसरं दे ना, मोलिएही."

"नाही."

त्याचा चेहरा पडला.

"आपल्यात हे दाराशी लावतात, घरावर वीज पडू नये म्हणून. भाड्याच्या खोलीत नाही. तुझं घर कुठाय?"

"अजून... नाही."

"मग बांध आधी," मी म्हटलं. "रोप घेऊन मीच येईन... राहायला."