वाघोबा बोके यांची साखर

पत्त्यांचा डाव ठिणगी जिंकणार, एवढ्यात मामाच्या घरातला फोन वाजला. तो शेपटाने उचलला. शेपूट म्हणजे मामाचा धाकटा, सदा कुणाच्या तरी मागे. फोन ठेवून तो आला आणि इमारतीतल्या सगळ्या पोरांसमोर त्याने खणखणीत आवाजात विचारलं, "ताई, तुला डायबेटिस आहे? एक काका साखर उतरवायची पावडर विकतायत. तुझी साखर किती आलीय तेही त्यांना पाठ आहे."

डाव तिथेच थांबला. ठिणगीला मधुमेह होता. परीक्षेच्या आधीपासून ती रोज स्वतःला सुई टोचून घेत होती. पण हे तिच्या घरच्यांना आणि मामा-मामीला, एवढ्यांनाच ठाऊक होतं. सुट्टीभर एकत्र हुंदडणाऱ्या मामेभावांनाही तिने सांगितलं नव्हतं. शेजारच्या मुलीने पुढे केलेला बिस्किटांचा पुडा हळूच मागे घेतला. ठिणगीचं डोकं फिरलं ते त्या मागे घेण्याने.

जिन्यात प्रोफेसरने तिला गाठलं. हा मामाचा थोरला, नाकावर चष्मा आणि जिभेवर सदा शंका. वाईट वाटून घेऊ नकोस, त्यात लपवण्यासारखं काय आहे, असं काहीसं तो बोलू लागला.

"मी लपवत नव्हते," ठिणगी म्हणाली. "सांगणार होते, मला वाटेल तेव्हा. माझं होतं ते. कुणीतरी चोरलंय."

मग चोर शोधणं आलंच. रक्त परवाच तपासलं होतं, मामाच्याच लॅबमध्ये, तळमजल्यावर. रिपोर्ट आला होता तो फक्त मामीच्या ईमेलवर, आणि मामीने तो कुणालाही दाखवला नव्हता. मामाने मात्र हात झटकले. आमच्याकडून शक्यच नाही, पासवर्ड माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, काउंटरवरची पोरगी बोलली असेल. ती पोरगी आठवडाभर रजेवर आहे, अशी मामीने आठवण करून दिली तेव्हा तो नुसता खोकला आणि जेवायला वर गेला. लॅबचा संगणक तसाच उघडा टाकून.

"पासवर्ड भक्कम आणि दार सताड," ठिणगी पुटपुटली आणि खुर्ची ओढून बसली.

युक्ती प्रोफेसरची होती. तिघांनी मिळून एक खोटा रिपोर्ट तयार केला. रुग्णाचं नाव श्री. वाघोबा बोके. लॅबच्या खिडकीत दिवसभर लोळणाऱ्या बोक्याचं पाळण्यातलं नाव वाघोबा होतं, आडनाव त्याला त्या दुपारी मिळालं. साखर अशी लिहिली की वाचणाऱ्याला घाम फुटावा. फोन नंबर मामीच्या मोबाइलचा, तिला विचारून. मग लॅबच्या ईमेलवरून तो रिपोर्ट प्रोफेसरला पाठवून दिला. या नावाचा माणूस जगात नव्हता. त्याला शोधत फोन आला, तर बातमी याच ईमेलमधून फुटलेली.

दुसऱ्या दिवशी मामीचा मोबाइल वाजला. तिने सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"वाघोबा साहेब आहेत का? त्यांची साखर फार चढलीय हो ताई. पावडर लगेच सुरू केली नाही, तर पाय गमवायची वेळ येते."

"चारही?" शेपटाने विचारलं.

प्रोफेसर हसून हसून खाली बसला. ठिणगी हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढे कुणीतरी एकटे आजोबा आले, हाच फोन ऐकून आपल्या पायांकडे बघत बसलेले.

मामाला हाताला धरून खाली आणलं. त्याला सेटिंग्ज कुठे असतात हेही माहीत नव्हतं, म्हणून ती ठिणगीने उघडली. हा ईमेल कोणकोणत्या यंत्रांवर चालू आहे, याची तिथे यादी होती. लॅबचा संगणक, मामाचा मोबाइल, आणि आणखी एक मोबाइल, जो घरातल्या कुणाचाच नव्हता. पासवर्ड विसरलात तर ज्या नंबरवर संदेश जाणार, तो नंबरही परकाच. त्याचे शेवटचे आकडे मामाने आपल्या मोबाइलमधल्या नंबरांशी ताडून पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. तपासणीचं यंत्र विकणाऱ्या माणसाचा नंबर होता तो. यंत्र बसवून झाल्यावर ईमेलही त्यानेच काढून दिला होता, फुकटात. पासवर्डसुद्धा त्यानेच घातला होता.

"आणि तू तो बदललाच नाहीस?" ठिणगीने विचारलं.

"चांगला लांबलचक होता गं," मामा म्हणाला.

तो परका मोबाइल मामा लगेच यादीतून काढून टाकायला निघाला, पण ठिणगीने त्याचा हात धरला. आधी फोटो, मग हकालपट्टी. पोलिसांना पुढे कामी आले ते तेच फोटो. यंत्र विकणाऱ्याने त्याच्याकडून रिपोर्ट विकत घेणाऱ्या तीन पावडरवाल्यांची नावं ओकली.

आता नवा ईमेल हवा होता. मामाला एका कंपनीचा रंग आवडला आणि ती फुकटही होती. ठिणगीने त्याला बाजूला सारलं आणि तिघं दुपारभर कंपन्यांच्या अटी वाचत बसले. फुकट देणारी कंपनी पोट कशावर भरते? आपली पत्रं तिला स्वतःला वाचता येतात का? पासवर्डशिवाय दुसरं कुलूप लावता येतं का? उद्या सोडून जायचं म्हटलं, तर आपली पत्रं बरोबर नेता येतात का? सरळ उत्तरं देणारी कंपनी पैसे मागत होती. मामा कुरकुरला.

"फुकटचं किती महाग पडलं, ते मला विचार," ठिणगी म्हणाली. मामाने पाकीट काढलं.

शेवटचं काम मामाचं होतं. ज्यांचे रिपोर्ट फुटले, त्या सगळ्यांना कळवायचं, प्रत्येकाला वेगळं, एकाचा पत्ता दुसऱ्याला न दिसता. त्याने मन लावून लिहिलं. माफी मागितली, पावडर घेऊ नका म्हणून बजावलं. मग डोळे भरून आल्याने थांबत थांबत शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला: "हे उघडकीस आणलं ते माझ्या शूर भाचीने, जी या कोवळ्या वयात स्वतः मधुमेहाशी झुंज..."

मामीने कपाळावर हात मारला.

"मामा," ठिणगी म्हणाली, "पुन्हा?"

क्षणभर त्याला काही कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचे कान लाल झाले. ती ओळ त्याने स्वतःच पुसली.

"मग काय लिहू? तुझं कौतुक तर व्हायलाच हवं."

"मुलांनी पकडलं, असं लिही. तेवढं खरं आहे आणि तेवढं सांगायला माझी हरकत नाही."

त्याने तेवढंच लिहिलं. बटणावर बोट गेलं आणि थांबलं. त्याने पडदा भाचीकडे वळवला.

"वाच," तो म्हणाला. "पाठवू का?"

ठिणगीचा राग अजून पुरता उतरला नव्हता. तिने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं. मामा बोट उचलून धरून थांबला होता.

"आता पाठव," ती म्हणाली.