चाऱ्याची खिडकी

ताईने घेतलेलं जुनं शेतघर मला पहिल्यापासून रुचलं नव्हतं, पण बांधणाऱ्याला मात्र मी हात जोडले. मी गवंडी, वाईट काम दिसलं की मस्तक फिरतं. इथे नाव ठेवायला जागा नव्हती. एकाच छपराखाली अर्धं घर, अर्धा गोठा, आणि मधल्या दगडी भिंतीत चारा टाकायची खिडकी. थंडीत गुरांची ऊब तिच्यातूनच माणसांना मिळायची. गुरं जाऊन दोन पिढ्या लोटल्या होत्या. आता यायचा नुसता वारा.

"बाळाला सर्दी होईल रे, बुजवून टाक ती," ताई म्हणाली. सकाळीच विटा लावल्या, गोठ्याला बाहेरून कुलूप घातलं.

संध्याकाळी काम वाळलं का ते बघायला हात लावला आणि झटकन मागे घेतला. भिंत गरम होती. गोठा उघडून पलीकडून चाचपली, तर गारठलेली. पुन्हा कुलूप लावून घरात आलो.

"ऊन लागलं असेल," ताई म्हणाली.

"आतल्या भिंतीला? काहीतरीच काय, ताई!"

तिने पाळणा समोरच्या भिंतीशी ओढला. जरा वेळाने ती भिंत तापली, पहिली गार पडली. शेणाचा, ओल्या कातड्याचा वास दाटला... कुणीतरी जड श्वास घेत होतं.

"ते... आत अडकलंय. गोठ्यात जायची वाट मीच बुजवली."

"मग फोड ना मेल्या! माझं लेकरू आहे इथे!"

हातोडा घातला. ओल्या विटा भसकन पलीकडे पडल्या. खांद्याला काहीतरी केसाळ घासून गेलं आणि खोली गार झाली. सुटलो बुवा एकदाचे, असं वाटलं, तेवढ्यात ताई किंचाळली. पाळणा रिकामा होता.

खिडकी एवढीशी, त्यातून माणूस शिरेना. धावत गोठ्याकडे गेलो. कुलूप जसंच्या तसं. उघडून आत शिरलो.

बाळ कोपऱ्यातल्या गव्हाणीत होतं. गाढ झोपलेलं, अंग ऊबदार, केस चाटून बसवल्यासारखे ओले. ताईने त्याला उराशी कवटाळलं, रडत रडत पाजायला घेतलं. त्याने तोंड फिरवलं.

"पोट भरलंय रे याचं..." ती कुजबुजली.

मी कंदील जवळ नेला. त्याच्या ओठांवर दूध होतं. पिवळसर, दाट, नुकत्याच व्यालेल्या गाईच्या चिकासारखं.