सिल्व्हेनना सोडण्याआधी

न्यू ऑर्लिन्समधल्या त्या गारठलेल्या दुपारी ऑनेझिम घराबाहेर पडला तो एका साध्या कामासाठी. त्याचे उस्ताद, म्हातारे सिल्व्हेन, वारले होते. बँडबरोबर क्लॅरिनेट वाजवत त्यांना कबरस्तानात पोचवायचं, एवढंच.

पण छाती साथ देत नव्हती. दोन ओळी वाजवल्या की खोकला यायचा. आणि नेमका आजच शिकागोचा एक बँडवाला त्याला ऐकायला आला होता. पसंत पडलं तर शिकागो, जॅझ, नाव. नाही तर कारखान्यात सिगार वळत, तंबाखूच्या धुळीत खोकून मरायचं.

"नुसती रडगाणीच वाजवता का रे?" कबरस्तानाच्या फाटकापाशी शिकागोवाला म्हणाला. "माझी गाडी सुटेल."

"नाचाची चाल परतताना, पाहुणे," ढोलवाला झेनो म्हणाला. "आधी मेलेल्याला थडग्यात ठेवून सोडायचं, मग ढोलाचा आवाज दाबणारा हा रुमाल काढायचा. तोवर तो आपल्यातच असतो. तुमच्या शिकागोत मेल्यावरही घाई करतात वाटतं?"

शिकागोवाला हसला, वळला आणि चालू लागला. शवपेटी अजून खांद्यांवरच होती. ऑनेझिमनं क्लॅरिनेट ओठांना लावलं. डोळे मिटून त्यानं नाचाची चाल उचलली.

"अरे, वेड लागलं का?" झेनो ओरडला. "थांब! अजून सोडलं नाही त्यांना..."

ऑनेझिम थांबला नाही. आधी छाती फाटतेय असं वाटलं. मग दुखणंच गेलं. सूर मोकळे झाले, रुंद झाले, थेट सिल्व्हेनसारखे. एक ओळ संपली, दुसरी, तिसरी... श्वास घ्यायच्या जागा येत होत्या, जात होत्या. तोंडात थडग्यांवरच्या ओल्या चुन्याचा वास भरला. क्लॅरिनेटच्या तळातून गार वारा वर चढत होता.

झेनो जवळ सरकला. "ऑने... श्वास घे रे, बाळा..."

त्याला घेता येईना.

शिकागोवाला मात्र पळत परत आला होता. त्याचे डोळे पाणावले होते. "बांधाबांध कर, गड्या! आजच निघायचं!"

संध्याकाळच्या गाडीत, थंडीत, प्रवाशांच्या श्वासांनी काचा धुरकटल्या होत्या. फक्त ऑनेझिमच्या शेजारची स्वच्छ होती. त्यानं तिच्यावर फुंकर मारली. काच कोरडीच. पुन्हा मारली, जीव तोडून मारली...

"अरे, ती पेटी ठेव की खाली," शिकागोवाला म्हणाला.

ऑनेझिमनं मांडीकडे पाहिलं. क्लॅरिनेटच्या बंद पेटीच्या फटीतून पांढरी वाफ, म्हाताऱ्या माणसाच्या श्वासासारखी, येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती.