झाडाला बांधलेली होडी

पुराचं पाणी जंगलात शिरलं की बास मासा सायप्रसच्या बुंध्यांशी अंडी घालायला येतो. त्या दिवसांत आमच्या अचाफलाया नदीच्या दलदलीत घरी बसणारा माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर बायकोच्या धाकात. मी दुसऱ्यातला. नातीचा बाप्तिस्मा पुरामुळे लांबत गेला होता. पोर रांगायला लागली. शेवटी दिवस ठरला, आणि विधीत पोर हातात धरणारा धर्मपिता मी. बायकोनं, ओडेलियानं, सकाळीच बजावलं, "देवळात पोचला नाहीत तर होडी विकीन. आणि वर तुम्हाला फुकट देईन."

तरी गेलो. तिचा भाऊ टेलेस्फोर म्हणाला, "दाजी, दोन मासे, की परत." हा माणूस जन्मात कधी दोनावर थांबलेला नाही.

नांगर मुळांत अडकतो, म्हणून आमच्याकडे होडी झाडालाच बांधतात. गांधीलमाश्यांचं पोळं असलेला एक जाडजूड सायप्रस बघून टेलेस्फोरनं दोर बांधला. पाणी कोऱ्या कॉफीसारखं, निवांत. गळ टाकला की मासा.

देवळाची पहिली घंटा झाली, डावीकडून. दुसरी झाली ती पाठीमागून, आणि बारीक.

"तू गाठ नीट मारली नाहीस. वाहत चाललोय आपण."

"माझी गाठ? दाजी, तुमचं लग्न सुटेल, माझी गाठ सुटायची नाही."

दोर ताठ होता. डोक्यावर तेच पोळं. मी बुंध्याकडे नीट पाहिलं. बाकीच्या झाडांभोवती पाणी काचेसारखं स्थिर होतं. आमच्या झाडापुढे मात्र ते दुभंगत होतं, होडीच्या नाकापुढे फुटतं तसं.

"झाड चाललंय," मी म्हणालो.

टेलेस्फोरनं बराच वेळ पाहिलं. मग गळाला नवा झिंगा लावला. "चालू दे की. मासे बरोबर येतायत ना?"

"अरे, मला पोरीला हातात घ्यायचंय!"

"मग सांगा त्याला, देवळाकडे वळ म्हणून."

मी गाठ सोडायला वाकलो. गाठ दिसेना. दोरावर साल चढली होती.

मी चाकूनं दोर कापला.

झाड थांबलं नाही.

आम्ही वल्ही मारत सुटलो. तिसरी घंटा वाटेतच झाली.

पायऱ्यांशी होडी लागली तेव्हा लोक देवळातून बाहेर पडत होते. मी टोपी काढून ओडेलियासमोर उभा राहिलो आणि मनातल्या मनात होडीचा निरोप घेतला.

ती चक्क हसली. "आत्ता मध्येच कुठे गेलात? किती छान धरलंत हो तिला! हात तेवढे गार होते, पाद्रीबाबा म्हणाले. आणि टेलेस्फोर, तू सगळा वेळ गप्प बसलास! देवाची कृपा."

टेलेस्फोरनं माझ्याकडे पाहिलं. मग कानाशी येऊन पुटपुटला, "दाजी, होडी वाचली. तोंड उघडू नका."

सुनेनं पोर माझ्या हातात दिली. "डोक्यावर पाणी ओतलं तरी रडली नाही, बाबा. तुमच्याकडे टक लावून बघत होती नुसती."

पोरीनं आताही माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून मागे, पाण्याकडे हात पसरून तिनं टाहो फोडला.